‘द विचर ४’कडून काय अपेक्षा ठेवावी: नकाशा नंतर, आधी बाजारातली माणसं बघ

प्रश्न असा आला आहे: “दादा, तुम्ही ओपन वर्ल्ड गेमवर काम करता, तर ‘द विचर ४’मध्ये नक्की काय काय असेल? मॅप ‘विचर ३’पेक्षा किती मोठा असेल? सिरी खेळायला मजा येईल की गेराल्टची आठवण येत राहील? आणि माझ्या चार वर्षं जुन्या पीसीवर चालेल का?” विचारणाऱ्याने बारावीची परीक्षा दिलीय आणि सुट्टीत तो ‘विचर ३’ दुसऱ्यांदा खेळतोय, एवढंही त्याने लिहिलंय.

उत्तर लांबणार आहे. गेली १४ वर्षं मी पुण्यात बसून परदेशी गेमसाठी गावं, रस्ते, बाजार आणि किल्ले उभे करतोय. या गेमची वाट मी तुझ्याइतकीच बघतोय. मालिका माहीत नसलेल्यांसाठी एवढंच: विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा, गेराल्ट हा ‘विचर ३’चा नायक, सिरी ही त्याने मुलीसारखी सांभाळलेली, नव्या गेमची नायिका, आणि ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळेपणी हिंडता येणारं जग.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघू. मार्च २०२२ मध्ये ‘विचर’ बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने बर्फात रुतलेल्या एका पदकाचं चित्र दाखवून नव्या मालिकेची घोषणा केली. स्वतःचं रेड इंजिन (इंजिन म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर) सोडून यापुढे अनरियल इंजिन ५ वर काम करणार, हेही त्याच वेळी सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण ताकदीने निर्मिती सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात द गेम अवॉर्ड्सच्या कार्यक्रमात सहा मिनिटांचा ट्रेलर आला. मग ३ जून २०२५ला ऑरलँडोमध्ये अनरियलच्या मंचावर एक टेक डेमो दाखवला गेला. पुढचा सगळा अंदाज मी या दोनच गोष्टींवरून बांधतोय.

या दोन्हींत मोठा फरक आहे. ट्रेलर आधीच रेंडर करून, म्हणजे चित्रफितीसारखा तयार करून ठेवलेला होता, त्यामुळे त्यातून गोष्टीचा सूर कळतो, गेमप्ले कळत नाही. डेमो मात्र साध्या पीएस५वर, रे ट्रेसिंगसकट (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याची जड पद्धत), सेकंदाला ६० फ्रेमने चालत होता. हा तंत्राचा नमुना आहे, गेममधला तुकडा नाही, हे स्टुडिओने स्वतःच स्पष्ट केलंय. मग त्याकडे बघायचं कसं? त्यांनी कुठल्या अडचणी सोडवायला घेतल्यात ते बघायचं. ज्या गोष्टीसाठी स्टुडिओ इंजिनच्या मुळाशी हात घालतो, ती गोष्ट त्याला गेममध्ये हवीच असते. नाहीतर एवढे महिने त्यावर कुणी घालवत नाही.

आता तुझा मॅपचा प्रश्न. मॅप किती चौरस किलोमीटरचा, यावर एवढी चर्चा होते, पण आमच्या कामात जमीन वाढवणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. डोंगर, जंगल, नदी यांतलं बरंचसं आता साधनांनी भराभर पसरवता येतं. महाग असतो तो माणसांनी भरलेला चौक.

डेमोत सिरी कोवीर नावाच्या प्रदेशातल्या वाल्ड्रेस्ट या बंदराच्या गावी येते आणि बाजारात शिरते. गर्दीतून चालताना फळांची पेटी घेऊन निघालेल्या एका माणसाला तिचा धक्का लागतो आणि सफरचंदं रस्त्यावर घरंगळतात. आसपासचे ते बघतात आणि त्यावर झडप घालतात. हा प्रसंग पाचसात सेकंदांचा असेल. मी तो थांबवून थांबवून बघितला, कारण त्या चौकात ३००च्या आसपास माणसं एकाच वेळी हलत होती आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं चाललं होतं.

हे अवघड का, ते सांगतो. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश, सावल्या, झाडं, आवाज, शत्रूंची हालचाल आणि तुझ्या कंट्रोलरचं बटण हे सगळं उरकायचं असतं. उरलेल्या वेळेत बाजारातल्या माणसांनी आपापला सांगाडा (ॲनिमेशनसाठी आत बसवलेली हाडं) हलवायचा, पाय जमिनीला टेकवायचे, समोरच्याला चुकवायचं आणि कुणी धक्का दिला तर वळून बघायचं.

काही वर्षांपूर्वी एका मध्ययुगीन गावाचा आठवडी बाजार मी बांधला होता. गेमचं आणि कंपनीचं नाव इथे सांगत नाही. कागदावर ६० माणसं होती. कोंबड्या विकणारी बाई, तराजूवरून भांडणारे दोघे, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. मी लहानपणी बघितलेला आमच्या तालुक्याचा बाजार डोक्यात होता, त्यामुळे जीव ओतून ते सगळं मांडलं. टेस्टिंगला बसलो आणि चौकात पाऊल टाकल्याबरोबर फ्रेम कोसळली. मग छाटणी सुरू झाली. ६०ची ४० झाली, ४०ची २५. शेवटी कोंबडीवाली बाई पाठमोरी उभी केली, म्हणजे तिच्या चेहऱ्याचं ॲनिमेशन वाचेल. खांद्यावरचं पोर गेलंच, कारण एका माणसावर दुसरा माणूस म्हणजे दोन सांगाडे जोडायचे. गेम बाहेर आला तेव्हा त्या चौकातली निम्मी दुकानं बंद होती आणि त्याला कथेतलं कारण म्हणून गावात ताप पसरल्याचं लिहून दिलं. खेळणाऱ्यांना ते आवडलं, पण मला ते अजून लागतं.

म्हणून साध्या पीएस५वर एवढी गर्दी हलताना बघितली तेव्हा माझी पहिली अपेक्षा ठरली. हा गेम ‘विचर ३’पेक्षा लांबरुंद असेल की नाही यापेक्षा तो जास्त दाट असेल. ‘विचर ३’मधलं नोविग्राड आठव. २०१५ साली ते शहर बघून आम्ही सगळे थक्क झालो होतो, पण आज तिथे पाच मिनिटं एका जागी उभा राहा. तीच माणसं तीच वाक्यं बोलत जातात, आणि तू मध्ये आलास तर वळसा घालून निघून जातात. तुझ्या असण्यानसण्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. तुझी दखल घेणारी गर्दी ही या डेमोने दाखवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

ही कल्पना काही नवीन नाही. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक माणसाला दिनक्रम द्यायचा मोठा प्रयत्न झाला होता. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये रस्त्यावरच्या कुणालाही नमस्कार करता येतो किंवा डिवचता येतं. २०२५च्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स २’मध्ये तर चोरी केलीस की गावात तुझी बदनामी होते, आणि कपडे मळलेले असले तरी लोक बोलून दाखवतात. तो गेम अजून खेळला नसशील तर खेळ, विचर येईपर्यंतची सगळ्यात चांगली शिदोरी तीच आहे. मात्र तिथली गावं लहान आहेत. बंदराच्या भरल्या बाजारात हे करणं ही पुढची पायरी.

दुसरी गोष्ट घोड्याची. सिरी शीळ घालते, तिची घोडी केल्पी धावत येते आणि सिरी तिच्यावर चढते. ‘विचर ३’मध्ये गेराल्ट घोड्यावर चढताना नीट बघ. आधी तो एका ठरलेल्या जागी किंचित सरकतो आणि मगच चढतो. आजवर बहुतेक जण असंच करत आलेत. चढण्याचं ॲनिमेशन एकच असायचं, म्हणून माणसाला त्याच्या सुरुवातीच्या जागी आणून उभं करावं लागायचं. डेमोत वापरलेल्या पद्धतीत माणूस आणि घोडा या दोघांच्या हालचालींचा मोठा साठा असतो. त्या क्षणी दोघं जिथे आहेत, ज्या वेगात आहेत, त्याला जुळणारी हालचाल इंजिन त्यातून निवडतं. शिवाय केल्पीच्या कातडीखाली स्नायू हलताना दिसतात. फोटोत हे कळणार नाही. खेळताना हाताला कळेल, कारण गेराल्टचा घोडा कुंपणापाशी येऊन अडायचा तेव्हाची चीड आपल्या सगळ्यांच्या हाताला आठवते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तुझ्या पीसीसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. अनरियल ५ वरच्या कितीतरी गेममध्ये नवीन भागात शिरलं की चित्र क्षणभर अडखळतं, हे तू अनुभवलं असशील. याची दोन कारणं. एक म्हणजे शेडर, म्हणजे वस्तूंचा रंग-उजेड ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, ऐनवेळी तयार होतात. दुसरं, पळतापळता पुढचा प्रदेश डिस्कवरून आत ओढताना मुख्य काम थांबून राहतं. ओपन वर्ल्डला हे दुसरं कारण जास्त छळतं. सीडी प्रोजेक्ट रेड आणि अनरियल बनवणारी एपिक यांनी मिळून यावर फास्टजिओ नावाची व्यवस्था केली. ती दगड, भिंती, घरं अशा न हलणाऱ्या वस्तू झपाट्याने आत आणते. झाडांसाठीही नवी पद्धत आहे. लांबची झाडं बारीक ठोकळ्यांच्या रूपात काढायची, म्हणजे जंगल लांबवर दाट दिसतं आणि जवळ जाताना पानं एकदम फुटल्यासारखी दिसत नाहीत.

इथे मला मनापासून आशा वाटते, आणि तिचं कारण ‘सायबरपंक २०७७’ आहे. डिसेंबर २०२०मध्ये तो गेम जुन्या कन्सोलवर एवढ्या वाईट अवस्थेत आला की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१पर्यंत परत घेतला नाही. स्टुडिओने मग तीन वर्षं झटून तो दुरुस्त केला. २०२३चं २.० अपडेट खेळलेल्याला हे सांगायला नको. यावेळी त्यांनी उघड सांगितलंय की पूर्वी ते आधी पीसीवर सगळं करायचे आणि मग कन्सोलसाठी कापायचे, आता सुरुवातच कन्सोलवरून करतायत. माझा बाजार छाटला गेला तो याच उलट्या क्रमामुळे. आधी ताकदवान मशीनवर स्वप्न बांधलं आणि मग साध्या मशीनवर ते मोडत गेलो. त्यांचा हा एक निर्णय मला दहा सुंदर ट्रेलरांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता सिरी. गेराल्ट नायक नाही म्हणून नाराज असलेले खूप जण भेटतात. गेराल्ट गेममध्ये असेल, हे स्टुडिओने सांगितलंय. त्याचा आवाज देणारे डग कॉकलही परतणार आहेत. पण गोष्ट त्याची नाही, आणि गेम बांधणाऱ्याच्या नजरेने मला हे योग्य वाटतं. ‘विचर ३’च्या सुरुवातीला एक अडचण होती. गेराल्ट हा आयुष्यभर राक्षस मारलेला, केस पिकलेला माणूस, आणि तरी लेव्हल एकला रानटी कुत्र्यांचा कळप त्याला लोळवतो. रोल-प्लेइंग गेमला शून्यापासून वाढ दाखवावी लागते, आणि गोष्ट सांगते की हा आधीच तयार आहे. सिरी विचर म्हणून वाटेला नुकतीच लागलीय. ट्रेलरमध्ये तिचे डोळे मांजरासारखे झालेत, म्हणजे माणसाचा विचर करणाऱ्या त्या जीवघेण्या वनस्पती-परीक्षेतून ती गेलीय, आणि स्टुडिओनेही तसं सांगितलंय. ती चुकेल, शिकेल, नवीन काढा पहिल्यांदा पिईल. लेव्हल वाढण्याला यावेळी गोष्टीतच जागा आहे.

खरी अडचण तिच्या जन्मजात ताकदीची आहे. ‘विचर ३’मध्ये सिरीला हातात घेतलंस तेव्हा ती क्षणात एका जागेवरून दुसरीकडे जायची. दहा मिनिटांच्या तुकड्यांत ते छान वाटलं. शंभर तासांच्या गेममध्ये तसंच ठेवलं तर कुठलीही दरी ओलांडायची भीती उरणार नाही, कुठलाही राक्षस तिला कोपऱ्यात गाठू शकणार नाही. माझा अंदाज असा की ती ताकद सुरुवातीला आटलेली किंवा धोक्याची झालेली असेल आणि तिच्या परीक्षेशी त्याचा संबंध असेल. ट्रेलरमध्ये ती तलवारीबरोबर साखळी वापरते आणि त्या साखळीत जादू भरते, ते मला म्हणूनच आवडलं. साखळीने लांबच्याला ओढता येतं, पाय बांधता येतात, उडत्या प्राण्याला खाली आणता येतं. पळून जाण्याऐवजी समोरच्याला धरून ठेवणारं हे हत्यार आहे. बांधायला मात्र महाकठीण. मोकळ्या जगात प्रत्येक झाड, खांब, कुंपण यांत साखळी अडकायला हवी किंवा अडकूच नये, आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी कुठेतरी ते खोटं दिसतं. पुढचा खरा गेमप्ले दाखवतील तेव्हा मी आधी ती साखळी बघणार आहे.

प्रदेशाबद्दल थोडं. ‘विचर ३’मधलं वेलेन आठव. युद्धाने नागवलेला, चिखलाचा, झाडाला माणसं टांगलेला मुलूख. कोवीर याच्या अगदी उलट. उत्तरेचा थंड, डोंगराळ देश, खाणींवर गबर झालेला आणि दुसऱ्यांच्या युद्धांपासून लांब राहणारा. इथे भूक आणि लूटमार यांच्याऐवजी पैसा, कर्ज, खाणमालक, मजूर अशा भानगडी येतील असं मला वाटतं. श्रीमंत देशात राक्षस कुठे राहतात? सोडून दिलेल्या खाणींत, बंदराच्या गोदामांत, नाहीतर मोठ्या घरांच्या तळघरांत. क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, लिहिणाऱ्याला एवढी चांगली जमीन क्वचित मिळते.

आणि ही स्टुडिओची मंडळी आपली भुतं कुठून आणतात, तर गावाच्या गोष्टींतून. ट्रेलरमधला बाउक हा राक्षस सर्बियाच्या लोककथांमधला. ‘विचर ३’मध्ये भर दुपारी शेतात दिसणारी बाई स्लाव्ह कथांमधली. माझी आजी टळटळीत दुपारी विहिरीकडे जाऊ द्यायची नाही, तिथे आसरा असतात म्हणायची. त्यामुळे ती शेतातली बाई पहिल्यांदा समोर आली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. लोकांनी खरोखर मानलेली भीती डिझाइनच्या खोलीत बसून तयार करता येत नाही. यावेळीही त्यांनी हाच धागा धरलाय, हे बघून बरं वाटलं.

आता मुख्य मुद्दा. गर्दी, घोडा, झाडं हे सगळं इंजिन करेल. ‘विचर’ला ‘विचर’ करतात त्या क्वेस्ट, आणि त्याबद्दल डेमो काही सांगत नाही, ट्रेलर सांगतो. स्ट्रॉमफर्ड गावात मिओनी नावाच्या मुलीचा बळी द्यायचा ठरलाय. सिरी मध्ये पडते, बाउकशी लढते, त्याला मारते आणि मुलीला घरी पाठवते. परत येऊन बघते तर गावकऱ्यांनीच मुलीला मारलेलं. राक्षस मेला, पण त्याची सवय लागलेलं गाव तसंच राहिलं. ही त्या स्टुडिओची खरी सही आहे.

‘विचर ३’मधली ब्लडी बॅरनची क्वेस्ट तू दोनदा खेळलायस, म्हणून मोकळेपणाने बोलतो. टेकडीखाली झाडात अडकलेल्या त्या आत्म्याला सोडलंस तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण शेजारचं डाउनवॉरन गाव उद्ध्वस्त होतं, आणि बॅरनच्या बायकोचं जे होतं त्यामुळे बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलंस तर पोरं जातात, बायको वेडी होते आणि बॅरन तिला घेऊन डोंगराकडे निघतो. निर्णय घेताना यातलं काहीच समोर नसतं. फळ मिळतं ते काही तासांनी, जेव्हा आपण तो निर्णय विसरलेलो असतो. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नवीन मुलाला ही क्वेस्ट वहीत उतरवून काढायला लावतो. बाणांनी जोड, म्हणतो, आणि सांग की पहिल्या आणि शेवटच्या बाणात किती अंतर आहे.

तिथे एकच गोष्ट कमी होती. परिणाम बॅरनच्या घराला होतो, पोरांना होतो, एका गावाला होतो. बाकीचं वेलेन कालच्यासारखंच चालू राहतं. चौकातल्या बाईला डाउनवॉरनचं काय झालं याचं काहीच नसतं. तेव्हा ते शक्यच नव्हतं, तेवढी माणसं हलवायचीच मारामार होती. आता वाल्ड्रेस्टच्या बाजारात सांडलेल्या सफरचंदांवर लोक धावतायत. तीच माणसं गेल्या आठवड्यात तू खाणीत काय केलंस त्यावरही कुजबुजली तर? कोवीरमध्ये एखाद्या सावकाराला वाचवलंस आणि पुढच्या वेळी मजुरांच्या गल्लीत कुणी तुला खोली देईना, तर? माझी या गेमकडून अपेक्षा एवढीच आहे, आणि ती फार मोठी आहे. लेखकांनी लिहिलेला परिणाम आणि इंजिनने हलवलेली गर्दी एकमेकांना भेटावी. दोन्ही बाजू या स्टुडिओकडे पहिल्यांदाच एकत्र आल्यात.

उरलेलं पटकन. २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही, हे कंपनीनेच सांगितलंय, त्यामुळे दर महिन्याला उठणाऱ्या तारखांच्या अफवांकडे लक्ष देऊ नकोस. हा तीन गेमच्या मालिकेतला पहिला आहे आणि तिन्ही सहा वर्षांत काढायचा त्यांचा बेत आहे. म्हणून कोवीरमध्ये काही दारं मुद्दाम बंद ठेवली जातील, त्याचा राग धरू नकोस. चित्र डेमोइतकं सुंदर असेल का? थोडं कमी धरून चाल. ‘विचर ३’च्या वेळीही आधीच्या फुटेजमध्ये आणि आलेल्या गेममध्ये फरक होता आणि त्यावरून बरीच ओरड झाली होती. खेळताना तो फरक तुला जाणवला का, ते तूच आठवून बघ.

पीसीचं सांगतो. डेमो चालला तो पीएस५वर, म्हणजे २०२०च्या मशीनवर. तुझं ग्राफिक्स कार्ड चार वर्षांपूर्वी मधल्या दर्जाचं असेल तर लगेच निराश होऊ नकोस, आणि आत्ता घाईने नवीन कार्डही घेऊ नकोस. किमान अटी जाहीर झाल्या की मगच ठरव. तोवर एक काम कर. गेम अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवत असशील तर आधी चांगली एसएसडी घे, कारण प्रदेश आत ओढण्याची ती सगळी व्यवस्था वेगवान डिस्क गृहीत धरून बांधलेली असते. रॅम आठ जीबी असेल तर सोळा कर. या दोन गोष्टींनी आज खेळतोयस तो ‘विचर ३’ही सुधारेल.

दुसऱ्यांदा खेळतोच आहेस तर आज नोविग्राडच्या चौकात जा आणि पाच मिनिटं काही न करता उभा राहा. कोण तुझ्याकडे बघतं, कोण बघत नाही, कुठलं वाक्य किती वेळा कानावर येतं, ते एका कागदावर लिहून काढ. तो कागद जपून ठेव, वाल्ड्रेस्टच्या बाजारात पहिल्यांदा उतरशील त्या दिवशी शेजारी ठेवायला.